फेसलेली मोहरी

वास आधी मला आला.
शेल्बीव्हिलच्या त्या दवाखान्यात
कुणाच्या सात पिढ्यांत कैरीचं लोणचं घातलेलं नसणार,
त्यांना तो कसल्याशा मलमाचा वाटला असेल.
मला परात आठवली,
मोहरी फेसताना नाकात चढणारी झिणझिणी,
पदराने डोळे पुसत हसणारी माझी मावशी.
इथे ती घोड्याच्या पायाला होती.
मोहरीचं तेल, त्यावर रॉकेल, त्यावर रात्रभर प्लास्टिक,
सकाळी साखळ्या.
आग झाली की पाय उंच उचलला जातो,
आणि टेनेसीत उंच पायाला चषक मिळतो.

नाव लँटर्न. तांबूस, कपाळावर बोटभर पांढरं.
डॉक्टर प्रुएट वाकले,
खुराच्या वर, जिथे घोड्याचं मनगट असावं असं वाटतं,
तिथे दोन्ही अंगठे रुतवले.
लँटर्न हलला नाही.
"दुखत असतं तर त्यानं सांगितलं नसतं?"
सही.
पंच्याऐंशी डॉलर. पावती मी फाडली.

का हलला नाही ते ओक्टाव्हियोनं सांगितलं,
तबेल्यातलं एकोणीस वर्षांचं पोर,
मागच्या दारात, न पेटवलेली सिगरेट बोटांत धरून:
घरी आधी तालीम होते, बाई.
अंगठा दाबायचा. हलला, की तोंडावर दांडा.
परत दाबायचा.
दहाव्या दिवशी घोड्याचा दगड होतो.

व्हिडिओ कुणी काढला ते मला ठाऊक आहे.
सांगणार नाही.

गुरुवारी फाटकावर दोनशे माणसं.
काचेवर अंडी, भिंतीवर लाल रंगात कसाई.
फोन मी घेत होते:
त्याचे पाय मोडा. त्याला तेच तेल लावा.
एक बाई नुसतीच रडली, नाव न सांगता.
एकानं विचारलं, कुत्र्याची चारची लस
होणार आहे ना, की दुसरीकडे जाऊ?
पहिल्या रांगेत फलक धरून व्हर्ना लेडबेटर.
बावीस वर्षं तिची जागा रिंगणाच्या कडेला राखीव,
जितका पाय उंच तितक्या तिच्या टाळ्या.
डोळे मात्र खरोखर सुजले होते.
खोटं कसं म्हणू?

आणि हेही लिहून ठेवते, कुणाला आवडो न आवडो:
फेब्रुवारीत, गोठलेल्या चिखलात पालथे पडून,
घोडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून
प्रुएटनी चार तास आडवं शिंगरू वळवलं होतं.
म्हाताऱ्या मालकिणीकडून घेतल्या
मधाच्या दोन बरण्या. त्यातली एक मला दिली.
बाजू घेत नाही मी.
हात तेच होते, एवढंच म्हणते.

नॅशव्हिलला सुनावणी झाली. परवाना अकरा महिने बंद.
मलाही बोलावलं होतं.
तुम्हाला काही जाणवलं होतं?
वास, म्हटलं.
कसला?
मोहरी फेसणं इंग्रजीत सांगता येईना.
मग तेव्हा का बोलला नाहीत?
टेबलाखाली माझे पाय
अगदी स्थिर होते.

लँटर्न आता वुडबरीच्या पलीकडे, एका बाईच्या कुरणात.
साखळ्यांच्या जागी केस उगवले ते पांढरे.
मऊ ब्रश पायाला लागला तरी
तो श्वास रोखून उभा राहायचा,
डोळा कुठल्यातरी दांड्याकडे.
जून गेला, ऑगस्ट गेला.
ऑक्टोबरात एका सकाळी तिचा फोन,
ओरडतच होती, मला वाटलं मेला:
ओढला! पाय ओढला त्यानं!
आणि बादलीला अशी लाथ घातली,
माझे बूट पाण्यानं भरलेत,
ऐक, अजून ती घरंगळतेय,
ऐकू येतंय का तुला?